सोपं म्हणायचं नाही

परवा शाळेत मुलांच्या डिजिटल साक्षरतेची चाचणी झाली. मी मराठीची शिक्षिका. पण शाळेत कुणाच्या गळ्यात काय पडेल ते सांगता येत नाही, तशी ही चाचणी माझ्या गळ्यात पडली. समोर नववीतला एक चुणचुणीत मुलगा होता. शेजारच्या मुलाला फोटो कसा पाठवायचा ते त्यानं समजावून सांगायचं होतं. त्यानं सुरुवातच केली, "लय सोपं हाय रं..." आणि माझ्या हातातल्या पेननं मला न विचारता त्याचा एक गुण कापला. पोरगं बघतच राहिलं. छापील सूचनांमध्ये असा गुण कापायची तरतूद नव्हती. ती हिंगमिरे सरांची तरतूद होती, आणि सर जाऊन आता वर्ष उलटून गेलंय.

हिंगमिरे सर मला आटपाडीला भेटले. मी मूळची वाईची. आमच्या संस्थेच्या शाळा सातारा आणि सांगली अशा दोन्ही जिल्ह्यांत पसरलेल्या, त्यामुळे बदली झाली की माणूस कृष्णेच्या काठावरून उचलला जातो आणि थेट माणदेशात जाऊन पडतो. तशी मी पडले. पहिल्या दिवशी जरा रुसूनच स्टाफरूममध्ये शिरले, तर कोपऱ्यात एक उंच, किडकिडीत गृहस्थ कीबोर्ड उलटा धरून त्याच्या पाठीवर थापट्या मारत होते, बाळाला ढेकर यावा म्हणून मारतात तशा. खाली अंथरलेल्या कागदावर शेंगदाण्याची सालं आणि थोडे चुरमुरे पडले.

"कोण खातं इथं बसून, काही कळत नाही," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

थोड्याच दिवसांत मला कळलं, की दर सोमवारी सांगलीहून भडंगाची पुडी ते स्वतःच आणायचे आणि मशीनपुढं बसून तेच ती संपवायचे. मुलांना मात्र त्या खोलीत बडीशेपसुद्धा चघळायची बंदी होती.

कॉम्प्युटरचे शिक्षक म्हणून त्यांची नेमणूक कधी झालीच नव्हती. ते गणिताचे. शाळेला पहिली मशीनं आली तेव्हा टेम्पोतून उतरवून घ्यायला जे हजर राहिले ते हेच. खोलीची किल्ली त्या दिवशी त्यांच्याकडे आली, ती निवृत्तीपर्यंत सुटली नाही. सगळं स्वतःच चाचपडत शिकलेले. टायपिंग दोन बोटांनी. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी चित्रकलेचा एक ब्रश असायचा, मशीनवरची धूळ झाडायला. वडील सांगलीजवळच्या माधवनगरच्या कापडगिरणीत होते, आई जतच्या बाजूची, कानडी बोलणारी. म्हणून सर शिकवायचे मराठीत आणि वैतागायचे कानडीत. मशीन अडलं की "अय्यो शिवा" एवढंच म्हणायचे आणि हाताची घडी घालून वाट बघत बसायचे. "मशीनला घाई नसते बाई, घाई आपल्याला असते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मुलांसाठीचं वाक्य वेगळं होतं: आधी वाच, मग दाब. हे त्यांनी कॉम्प्युटरच्या खोलीच्या दारावर ठळक अक्षरांत लिहून ठेवलं होतं. मुलं ते न वाचता दार ढकलून आत जायची.

त्यांच्या पत्नी मी तिथं जायच्या आधीच गेल्या होत्या. एकुलता एक मुलगा गिरीश, बेंगळुरूला मोठ्या कंपनीत. सर आठवडाभर आटपाडीत एका पिठाच्या गिरणीमागच्या खोलीत राहायचे आणि शनिवारी शाळा सुटली की एसटीनं माधवनगरच्या घरी जायचे.

"घरी कोण असतं?" मी एकदा भोचकपणे विचारलं.

"कोणी नाही. पण रविवारी सकाळी गिरीशचा फोन येतो. तो घरात बसून घेतलेला बरा वाटतो."

फोन काय, खिशातला मोबाईल आटपाडीतही वाजला असता. हे मला कळत होतं आणि त्यांनाही कळत होतं.

शाळा सुटल्यावर आम्ही बाकीचे पिशव्या उचलून अक्षरशः पळायचो. सर मात्र मशीनं बंद करायला लागायचे. एकेक बंद करायचं, त्यावर कापड घालायचं, कापडाची टोकं सारखी करायची. मग काहीतरी आठवल्यासारखं करून त्यातलंच एक पुन्हा चालू करायचं. शिपाई किल्ल्या वाजवत दारात उभा. "चला की सर, घरी कोन तरी वाट बगत असंल की आमची," तो म्हणायचा. सर ओशाळून हसायचे आणि उठायचे. त्या हसण्याचं मला तेव्हा फार वाईट वाटायचं, अजूनही वाटतं.

मुलांना कॉम्प्युटर कितपत येतो हे तपासायला वरच्या कार्यालयातून प्रश्नपत्रिका यायची. माउसला किती बटणे असतात? संगणकाचा मेंदू कशास म्हणतात? खालीलपैकी योग्य पर्याय निवडा. मुलं उत्तरं पाढ्यांसारखी पाठ करायची. एका वर्षी एका पोराला पैकीच्या पैकी गुण पडले. सरांनी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं आणि म्हणाले, "शाब्बास. आता जा, ते मशीन चालू कर बघू." पोरगं मशीनपुढं गेलं, त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि वळून म्हणालं, "सर, ह्यो कितवा प्रश्न?"

त्या दिवसापासून सर आपली स्वतःची परीक्षा घ्यायला लागले.

पहिली परीक्षा अंगाशी आली. मुलांना फोनवर आलेली बातमी पडताळून पाहता येते का, हे त्यांना बघायचं होतं. म्हणून त्यांनी शिपायाच्या नव्या नंबरावरून मुलांच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला: 'अतिमहत्त्वाची सूचना. पाण्याचा टँकर न आल्यामुळे तालुक्यातील सर्व शाळांना उद्या सुट्टी. आदेशावरून. ही माहिती जास्तीत जास्त लोकांना पाठवा.' खाली सही नाही, तारीख नाही, आदेश कुणाचा त्याचा पत्ता नाही. मुलं हे हेरतील आणि सकाळी येऊन आपल्याला पकडतील, अशी सरांची भाबडी आशा. मुलांनी फक्त शेवटचं वाक्य हेरलं आणि माहिती जास्तीत जास्त लोकांना पाठवली. दुसऱ्या दिवशी आमची शाळा ओस, शेजारच्या गावांतल्या शाळा ओस आणि चित्रकलेचे शिक्षकही घरी. मी आले होते. कारण मी तो मेसेज वाचलाच नव्हता. सरांनी त्याबद्दल माझं कौतुक केलं नाही.

त्यात भर म्हणून टँकरवाला शाळेच्या दारात गाडी लावून ओरडायला लागला, "आवं, मी आलोय की! कोन म्हनतंय टँकर न्हाई? माजी नोकरी घालवताय व्हय?"

आमचे हेडसर, पवार, लालबुंद झाले. "हिंगमिरे, तुम्ही परीक्षा मुलांची घेतली की माझी?"

"मुलांचीच घेतली सर," हिंगमिरे सर खाली मान घालून म्हणाले. "गावाची आपोआप झाली."

त्यांना कारणे दाखवा नोटीस मिळाली. पण त्या दिवशी शाळेत जी मूठभर मुलं आली होती त्यांत एक रेणुका होती. जतकडून मेंढरं घेऊन आलेलं आणि आटपाडीच्या माळावर टेकलेलं तिचं घर. घरात कानडी, वर्गात जेमतेम मराठी, नंबर शेवटून मोजावा असा. सरांनी विचारलं, "तू कशी आलीस गं? तुला मेसेज नाही मिळाला?"

"मिळाला की. पर टँकर आमच्याच वस्तीवरनं येतोय. सकाळी गेल्याला म्या बगितला."

सर नोटिशीचा कागद हातात घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "बाई, एक पोरगी पास झाली." नोटीस मिळालेला इतका आनंदी माणूस मी दुसरा पाहिला नाही.

दुसरी परीक्षा मात्र त्यांची खरी. तिचं मूळ कोरोनाच्या दिवसांत होतं. शाळा बंद होत्या तेव्हा सर सायकलवरून वस्त्यावस्त्यांवर अभ्यासाचे कागद वाटत फिरायचे. एका घरी त्यांनी पाहिलं ते त्यांनी मला पुन्हापुन्हा सांगितलं. फौजेतून सुभेदार होऊन आलेला माणूस, गावात ज्याच्यापुढं कुणी मोठ्यानं बोलत नाही असा. तो आपल्या नववीतल्या पोरापुढं फोन घेऊन उभा होता. "बाळा, जरा दाखव की रं, पेन्शनचा मेसेज कुटं बगायचा." पोरगं खेळात गुंगलेलं. मान वर न करता म्हणालं, "दादा, किती डाव सांगायचं? सोपं हाय. तुमाला न्हाई कळायचं." सुभेदारानं फोन मुकाट्यानं खिशात ठेवला आणि सरांना पाहून उगाच मिशीवरून हात फिरवला.

"सोपं हाय," सर मला म्हणाले. "ज्याला येत नाही त्याला सोपं आहे म्हणणं म्हणजे थोबाडीत मारणं आहे, बाई. आणि त्या पोराला मी आदल्याच वर्षी कॉम्प्युटरमध्ये पैकीच्या पैकी दिले होते."

तेव्हा परीक्षा अशी ठरली. मूल कॉम्प्युटरच्या खोलीत बसणार, हातात शाळेचा फोन. सर स्टाफरूममध्ये आपला फोन घेऊन बसणार आणि मुलाला फोन लावणार. सर त्या वेळी सर नसायचे. कधी शेळ्या राखणारी आजी, कधी पेन्शनर सुभेदार, कधी कमी ऐकू येणारे गुरवकाका. त्यांचं फोनमध्ये काहीतरी अडलेलं असायचं आणि मुलानं न बघता, नुसतं बोलून, ते सोडवून द्यायचं. काम झालं तर थोडे गुण. बाकीचे सगळे गुण, समोरचं माणूस न दुखावता शेवटपर्यंत फोनवर राहिलं याचे. चिडलं की गुण गेले. 'सोपं' म्हटलं की गुण गेले. 'मघाशीच सांगितलं' म्हटलं की गेलेच.

मुलं जे सांगतील तेच सर करायचे, रेसभर इकडं नाही की तिकडं नाही. "वरती दाब" म्हटलं की फोनच्या वरच्या कडेला अंगठा दाबून बसायचे. "काय हुईना की रं," म्हणायचे. आणि त्यांच्या म्हाताऱ्यांची घरं कशी भरलेली असायची! "थांब रं, नातू रडाय लागलाय," असं म्हणून ते रिकाम्या खुर्चीकडे हात करून कुणाला तरी गप्प करायचे. "जरा दम काढ, सुनंला हाक मारते, चष्मा द्यायला." मी पेपर तपासत शेजारी बसलेली असायची. दिवसभर मोजकं बोलणारा हा माणूस त्या तासात गोकुळ उभं करायचा. मला आधी हसू यायचं. मग हळूहळू यायचं बंद झालं.

पवार हेडसरांनी एकदा हौसेनं परीक्षा द्यायचं ठरवलं. आम्ही सगळे स्टाफरूमच्या दाराशी गोळा झालो, फोन स्पीकरवर. पहिल्याच वाक्याला ते म्हणाले, "आजी, अगदी सोपं आहे हो." सरांनी आमच्याकडे बघून एक बोट मुडपलं. पुढं गाडी आणखी घसरली. "अहो, हिरवं! हिरवं दाबा! दिसत नाही का हिरवं?"

"दिसतंय की," आजी म्हणाली. "औंदा मका लय बेस आलाय. पर त्यो कसा दाबायचा?"

हेडसरांनी फोन आपटला. परीक्षा बंद करायचा हुकूम ते काढणार असं आम्हाला वाटलं. पण दुसऱ्या दिवशी ते सरांच्या शेजारी येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "काल घरी गेलो आणि आईला व्हिडिओ कॉल शिकवला. जमला." एवढं बोलून उठून गेले. परीक्षा चालू राहिली.

आणि मग रेणुकाची पाळी आली. त्या दिवशी स्टाफरूममध्ये सर आणि मी, दोघंच होतो. फोन स्पीकरवर. सर आजी झाले होते. नातीचा फोटो आला आहे, तो दिसत नाही, असं त्यांचं गाऱ्हाणं.

"आजी, तुमी कुटं बसलाय?" रेणुकाचा पहिला प्रश्न हा. दुसऱ्या कुठल्याही मुलानं तो विचारला नव्हता.

"अंगनात, बाई."

"उनात का?"

"व्हय."

"मग आदी सावलीला जावा. उनात फोनचं काय दिसत न्हाई. जावा, म्या थांबत्ये."

आणि सर खरोखरच खिडकीजवळची खुर्ची सोडून भिंतीकडे गेले. "आले गं," म्हणाले.

"आता काय काय दिसतंय त्ये सांगा मला. बिगीबिगी नगं."

सर सांगत गेले, ती ऐकत गेली. मध्येच तिनं सहज विचारलं, "आजी, घरात कोन न्हाई का वो दाखवाय?"

मी पेपरावरून मान वर केली. आता नातू रडणार, सून चष्मा आणणार, याची मी वाट बघत होते. सरांनी रिकाम्या खुर्चीकडे हात केलाच नाही. फोनमधून रेणुकाचा श्वास ऐकू येत होता.

"न्हाई गं," सर म्हणाले. आवाज आजीचाच होता. "कोन न्हाई. ल्योक लांब हाय."

"फोन करत्यात का?"

"करतो की. ऐतवारी."

"मग झालं की," रेणुका समजूत घालावी तशी म्हणाली. "आता त्या फोटूच्या गोल खुनंवर बोट ठिवा आजी. ठिवलं? आता बगा."

फोटो उघडला. काम झालं होतं. सरांनी फोन ठेवायचा आणि पुढच्या मुलाला लावायचा. पण आजी म्हणाली, "पुन्यांदा सांग की गं." रेणुकानं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, तसंच, त्याच आवाजात. आजी म्हणाली, "इसरले बग." तिनं आणखी एकदा सांगितलं. बाहेर बाकीची मुलं ताटकळत होती. शेवटी मीच टेबलावर हळूच टकटक केलं.

सरांनी फोन ठेवला. तिला पैकीच्या पैकी गुण लिहिले. मग पेन तसंच हातात धरून माझ्याकडे वळले.

"काम पहिल्याच वेळी झालं होतं, बाई," ते म्हणाले. "मलाच फोन ठेववेना."

त्यांच्या निवृत्तीचा निरोप समारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं, आणि ती परीक्षाही निवृत्त झाली. कुठल्या परिपत्रकात नव्हती, मग पुढं कोण घेणार? कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली चित्रकलेच्या शिक्षकांकडे गेली. वर्षभरात माझी बदली सांगलीच्या शाळेत झाली आणि माधवनगर अगदी हाकेच्या अंतरावर आलं. एका रविवारी सकाळी मी सरांकडे गेले.

दोन खोल्यांचं स्वच्छ घर. स्वयंपाकघरात पालथी घातलेली एकच ताट-वाटी. बाहेरच्या खोलीत टेबलावर कॉम्प्युटर, आणि सर त्याच्यापुढं डोळे बारीक करून बसलेले.

"काय चाललंय सर?"

"बिघडवतोय," ते म्हणाले.

मला वाटलं, ते चेष्टा करतायत. पण पडद्यावरची सगळी मराठी अक्षरं चौकोन-चौकोन झाली होती आणि सर समाधानानं त्यांच्याकडे बघत होते.

"यालाही अक्कल लागते, बाई. बेतानं बिघडवावं लागतं. कमी बिघडवलं तर दोन मिनिटांत दुरुस्त होतं. जास्त बिघडवलं तर तो म्हणतो, दुकानात नेऊन द्या." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांना खुलासा करणं भाग पडलं. "कसं आहे, आमचं रविवारचं बोलणं ठरलेलं. कसे आहात, बरा आहे. जेवलात का, जेवलो. मग तो म्हणतो, बरं ठेवू? आता यावर नको कसं म्हणायचं? पण मशीनचं काही विचारलं की मात्र चांगला अर्धा-पाऊण तास सांगतो. मध्येच ऑफिसचं सांगतो, मध्येच हसतो. लहानपणी गणित सुटलं की हसायचा, तसाच."

"पण सर, तुम्ही कॉम्प्युटर शिकवायचात हे त्याला ठाऊक आहे की."

"मुलांना वाटतं, बापाचं ज्ञान आपण घर सोडलं त्या दिवशी थांबलं," सर म्हणाले. "वाटू दे. सोयीचं आहे."

तेवढ्यात फोन वाजला. सरांनी तो कानाला लावायच्या आधी घसा खाकरला, केसांवरून हात फिरवला. मी उठायला लागले तर मला हातानं बसवलं आणि स्पीकर लावला. मला वाटतं, आपला मुलगा किती छान बोलतो ते कुणाला तरी ऐकवायचं त्यांच्या मनात होतं. कसे आहात, बरा आहे, जेवलात का, हे सगळं झालं. मग सर म्हणाले, "गिरीश, अरे ते अक्षरांचं काहीतरी झालंय बघ. चौकोन दिसतात नुसते."

"परत? बाबा, तुम्ही शाळेत नक्की काय शिकवायचात हो?" पोरगा हसत म्हणाला. वाईट मनानं नव्हे. सरही हसले. मग त्यानं सांगायला सुरुवात केली, आणि ज्यानं अर्ध्या तालुक्याला मशीन चालू करायला शिकवलं तो माणूस "कुठं रे? डावीकडं? कुठलं डावं?" असं विचारत राहिला. मधेमधे बेंगळुरूच्या पावसाचं आलं, ऑफिसातल्या कुणा कुरकुऱ्या साहेबाचं आलं. सरांचा चेहरा असा फुलला होता की माझ्याच्यानं तिकडे बघवेना.

फोन संपल्यावर ते म्हणाले, "पूर्वी चिडायचा. आता नाही चिडत. आज मी त्याला दहापैकी नऊ दिले."

"एक कुठं कापला?"

"एकदा 'सोपं आहे' म्हणाला ना." आणि मग घाईघाईनं, जणू मुलावर अन्याय झाला असावा, "पण दमलेला होता हो तो. आवाजावरनं कळतं."

त्यानंतर मी अधूनमधून जात राहिले. वाईला माहेरी जाऊन आले की साताऱ्याचे कंदी पेढे घेऊन जायची. सर एक खायचे आणि बाकीचे 'गिरीश आला की' म्हणून ठेवून द्यायचे. गिरीश दिवाळीला येऊन गेला. नंतर मी गेले तेव्हा सर जरा गप्प होते. मशीन बिघडलं नाही का, असं मी थट्टेनं विचारलं.

"गिरीशनं सोय करून दिलीय," ते म्हणाले. "मशीनमध्ये काहीतरी टाकून गेलाय. आता माझं काही अडलं की मी मेसेज करायचा, आणि तो तिथं बसून इथलं मशीन दुरुस्त करतो. म्हणाला, बाबा, आता तुम्हाला फोनवर तासभर डोकं लावायला नको. बोलायचा त्रास वाचला." मग ते म्हणाले, "चांगली सोय आहे. गुणी आहे पोरगा. बापाचा त्रास वाचावा म्हणून केलंय त्यानं. पण बाई, मला करमत नाही हो."

हे त्यांनी इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मी त्यांच्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत बसले. मुलाला खरं सांगून टाका, असं मी म्हणाले. "काय सांगू?" ते म्हणाले. "इतके दिवस तुला फसवत होतो, हे सांगू? मग तो फोनच करायला लाजेल."

आमची शेवटची भेट त्यानंतर काही आठवड्यांनी झाली. शनिवारची शाळा आटोपून दुपारी मी गेले. सरांनी दार उघडलं, 'या' म्हणाले आणि लगेच खुर्चीकडे वळले. मशीन चालू होतं, पण ते काही करत नव्हते.

"सकाळी प्रिंटरचं थोडं बिघडवलं," ते म्हणाले. "मेसेज केलाय. मीटिंगमधून वेळ मिळाला की करतो म्हणालाय."

मी पलीकडच्या स्टुलावर बसले. चहा करू का म्हणाले, तर त्यांनी नको म्हणून खूण केली. नजर पडद्यावर. बराच वेळ काही झालं नाही. मग पडद्यावरचा बाण आपोआप हलला. सरांचा हात माउसवर नव्हता.

"आला," सर म्हणाले आणि खुर्चीच्या कडेवर सरकून बसले.

बाण इकडून तिकडे जात होता, चौकटी उघडत होता, मिटत होता. घरात कसलाही आवाज नव्हता. सर हलक्या आवाजात मला दाखवत होते, "बघा, थेट गेला. उगाच भटकत नाही. हे मी त्याला सातवीत असताना शिकवलं होतं. आता बघा, आधी वाचतोय. थांबलाय म्हणजे वाचतोय." बोलताबोलता त्यांनी पुढं होऊन एक कोरं पान उघडलं आणि दोन बोटांनी सावकाश लिहिलं: जेवलास का?

बाण थबकला. पडद्याच्या मधोमध तसाच उभा राहिला. मला वाटलं, आता फोन वाजणार. सरांनाही वाटलं असावं. त्यांनी टेबलावरचा मोबाईल उचलून हातात घेतला आणि घसा खाकरला.

मग त्या ओळीखाली अक्षरं उमटली: हो. बाबा, माझं होईपर्यंत कशाला हात लावू नका.

सरांनी मोबाईल खाली ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. बाणानं ते पान मिटलं. पान जपून ठेवायचं का, असं मशीननं विचारलं. बाणानं 'नको' दाबलं आणि तो पुढच्या कामाला लागला.

मी उठले. "येते सर," म्हणाले.

"बसा की बाई," सर पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "तो अजून आहे."